जुनी आळी आणि मराठी लेखक

अहिल्यानगराहून पाथर्डीकडे निघालेल्या प्रवाशाला शाह डोंगराच्या माथ्यावर एक तीनमजली अष्टकोनी दगडी इमारत लांबूनच दिसू लागते. लोक तिला चांदबिबीचा महाल म्हणतात. वास्तविक ती मुर्तजा निजामशहाचा वजीर दुसरा सलाबतखान ह्याची कबर आहे. चांदबिबीचा तिच्याशी संबंध नावापुरताच. इतिहाससंशोधक लोकांची ही चूक दुरुस्त करतात, आणि ते योग्यच आहे. परंतु चूक असली तरी ती मोठी बोलकी आहे. डोंगरावर एकटी उभी असलेली कबर जनमनाला मानवली नाही. त्याने तीत एका राणीला राहावयास आणून ठेवले. मृताच्या वास्तूलाही घर मानण्याकडे लोकांचा असा कल. दैवाची गति मात्र उलटी आहे. कबर चारशे वर्षांवर टिकून आहे, आणि त्याच रस्त्याने पुढे ज्या गावांतून माणसे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली, तेथली जुनी घरे एकामागून एक जमीनदोस्त होत आहेत.

घर पडले म्हणजे त्याची नोंद कोणी ठेवावयाची? गडकोट, देवळे, मशिदी ह्यांच्यासाठी पुरातत्त्वखाते आहे. मुंबईसारख्या शहरात १९९५ साली वारसा-नियम झाले आणि काही राहत्या वस्त्यांनाही त्यांचा आधार मिळाला. तालुक्याच्या गावातील आळीपर्यंत असले छत्र सहसा पोहोचत नाही. तिची नोंद कोणी ठेवीलच तर ती वाङ्मयच ठेवील. म्हणून मराठी लेखकांनी जुन्या राहत्या वस्तीचे चित्र कसे रेखाटले, त्यात काय आले आणि काय राहून गेले, हे पाहणे केवळ हौसेचे काम समजू नये. पुढे जे घर आपल्या मुलांना पाहावयास मिळणार नाही, ते त्यांना ह्या पुस्तकांतूनच कळावयाचे आहे. तेव्हा ते खरे कळावे, एवढी अपेक्षा धरण्याचा वाचकाला अधिकार आहे.

प्रथम वस्तूचे स्वरूप ध्यानात घेऊ. त्रिंबक नारायण आत्रे ह्यांच्या १९१५ सालच्या 'गावगाडा' ह्या ग्रंथाने सुशिक्षित वर्गाला खेड्याची भाषा पुन्हा ओळखीची करून दिली. तीत काळी म्हणजे पिकाची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची. पाथर्डी, तिसगाव ह्या बाजूच्या जुन्या घरांना पांढरी हे नाव अक्षरशः शोभे. भिंती दगडमातीच्या, वर लाकडी तुळया, त्यांवर आडवी लाकडे, आणि त्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. ह्या सपाट छपरालाच माळवद म्हणतात, आणि उजेडासाठी त्यात ठेवलेले भोक म्हणजे सवणे. दरसाल मृगापूर्वी माळवदावर नवी पांढरी माती पसरून चोपावयाची, उगवलेले गवत उपटावयाचे, गळके ठिकाण हुडकून बुजवावयाचे, हा घराचा वार्षिक संस्कारच असे. ही माती पुष्कळ ठिकाणी पडक्या गढीतून आणीत. गढी ढासळली की तिची माती टोपलीटोपलीने गावातील घरांच्या माथ्यावर जाऊन बसे. सत्तेची वास्तू रयतेच्या छपरांत अशी वाटली जावी, हा इतिहास कोणत्याही बखरीत लिहिलेला नाही. पण माळवदाखाली राहणाऱ्याला तो ठाऊक असे.

अशा आळीत घरे एकमेकांना खेटून असत. दोन घरांची भिंत सामाईक. एका माळवदावरून दुसऱ्यावर सहज जाता येई. उन्हाळ्यात तेथे कुरडया-पापड वाळत आणि रात्री माणसे निजत. माळवदाची पन्हळ कोणाच्या दारात सोडावी, ह्यावरून दोन घरे वर्षवर्ष अबोला धरीत; आणि तरीही एकाच्या घरी मयत झाले म्हणजे दुसऱ्याच्या घरून पिठले-भाकरी येई. सामाईक भिंत एकाने पाडली तर दुसऱ्याचे घर उघडे पडे. म्हणजे जुन्या आळीत राहणे हा शेजाऱ्याशी केलेला, कोठेही न लिहिलेला असा करार होता. वाडा कितीही मोठा असो, तो ह्या कराराचा एक पक्षकार होता. आमच्या मते जुन्या वस्तीवरील लेखनाची कसोटी येथे आहे: लेखकाला हा करार दिसला काय, आणि त्यातील कोणत्या बाजूने तो बोलत आहे?

ह्या कसोटीला आपल्या मासिकांतून व दिवाळी अंकांतून येणारे स्मरणरंजनपर लेख लावून पाहिले तर फारसे समाधान होत नाही. ह्या लेखांचा एक ठरावीक घाट झाला आहे. लेखक वाडा सोडून शहरात स्थायिक झालेला असतो. वाड्यात प्राजक्त असतो, विहीर असते, झोपाळ्याच्या कड्या करकरत असतात, आणि पहाटे सर्वांच्या आधी उठून जात्यावर बसणारी एक आजी असते. लेखाच्या शेवटी लेखक वाडा पाहावयास परत जातो. त्या जागी सिमेंटची इमारत उभी असते. त्याचे डोळे भरून येतात. ह्या अश्रूंच्या खरेपणाविषयी आम्हांस मुळीच शंका नाही. शंका आहे ती औचित्याविषयी. आजी सर्वांच्या आधी का उठत होती, हे लेखक विचारीत नाही. विहिरीचे पाणी कोणी काढावयाचे आणि कोणी दुरून ओंजळीत घ्यावयाचे, हेही तो विचारीत नाही. आणि ज्याने सिमेंटचे घर बांधले, तो ह्या लेखात नेहमी अरसिक ठरतो. गाव सोडून गेलेल्याने रडावे आणि गावात राहिलेल्याने दोषी ठरावे, असा हा न्याय आहे. करुणरसाची निष्पत्ती व्हावयाची तर ज्याच्यावर संकट कोसळले त्याचे दुःख आधी दिसले पाहिजे; येथे ज्याच्यावर कोसळले तो दिसतच नाही.

हा दोष मराठीत पहिल्यापासून होता असे मात्र म्हणता येणार नाही. उलट आपल्या श्रेष्ठ ग्रंथांनी जुन्या घराकडे फार निराळ्या दृष्टीने पाहिले आहे. हरि नारायण आपटे ह्यांची 'पण लक्षांत कोण घेतो' ही कादंबरी १८९० पासून 'करमणूक' पत्रात क्रमशः येऊ लागली. तीतील यमूचे आयुष्य घरांच्या क्रमाने वाचून पाहावे. माहेर आणि सासर ही दोन्ही पुण्याच्या जुन्या रीतीची घरे. तेथे प्रत्येक दालनाला आणि प्रत्येक वेळेला कोणाचा तरी दरारा आहे. तिला मोकळा श्वास मिळतो तो मुंबईच्या बिऱ्हाडात, जेथे घरपण दालनांवर अवलंबून नसून नवराबायकोच्या परस्परांशी बोलण्यावर अवलंबून आहे. पुढे नवऱ्यामागे तिला पुण्याच्या घरी परतावे लागते आणि तेथेच बळजबरीने तिचे केशवपन होते. हरिभाऊंनी वाड्याचे वर्णन असे फारसे केलेले नाही. परंतु भिंतींचा उपयोग काय होतो हे त्यांनी जितके दाखविले, तितके दहा वर्णनपर लेखांतही सापडणार नाही.

रमाबाई रानडे ह्यांच्या १९१० सालच्या 'आमच्या आयुष्यांतील कांही आठवणी' ह्या ग्रंथात हीच गोष्ट कादंबरीच्या आडपडद्याशिवाय आली आहे. त्यांच्या पतीला त्यांनी शिकावेसे वाटते आणि घरातील वडीलधाऱ्या बायकांना ते खपत नाही. त्यामुळे एकाच घरात दोन राज्ये नांदत असतात आणि एका तरुण स्त्रीला दिवसातून अनेकदा त्यांची सीमा ओलांडावी लागते. रमाबाई कोणालाही दोष देत नाहीत. त्यांच्या ह्या संयमामुळेच वाचकाला त्या घरातील वागणुकीचा ताण अधिक जाणवतो.

ह्याहूनही आमच्या विषयाला जवळचा ग्रंथ लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' हा होय. १९३४ पासून तो भागाभागाने प्रसिद्ध झाला. त्याच्या आरंभी लक्ष्मीबाईंच्या वडिलांचे सोवळे आहे. बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात घ्यावयाची नाही, असा त्यांचा कटाक्ष. लक्ष्मीबाई हे इतक्या गमतीने सांगतात की वाचक मनमुराद हसतो, आणि मग त्याच्या ध्यानात येते की ह्या घराचा उंबरा म्हणजे एक नाके होते आणि पाणी ही तेथील जकात होती. पुढे नगर जिल्ह्यातील वास्तव्यातच त्यांचे हे सोवळे गळून पडले. ज्या मुलुखात माणसाची ओळख तो कोणत्या पाणवठ्यावर पाणी भरतो ह्यावरून ठरत असे, तेथे एका ब्राह्मण स्त्रीने कोणाच्याही हातचे पाणी पिणे म्हणजे एक आळी सोडून सर्व गावात राहावयास जाणे होते. घर बदलणे म्हणजे काय, ह्याचे इतके थोर उदाहरण मराठीत दुसरे क्वचितच असेल.

पण सर्व गाव म्हणजे तरी किती? हा प्रश्न त्याच जिल्ह्यातील दुसऱ्या एका लेखकाने विचारला. दया पवार हे अकोले तालुक्यातील धामणगावचे. १९७८ साली त्यांचे 'बलुतं' प्रसिद्ध झाले आणि पुष्कळ मध्यमवर्गीय घरांतून ते अस्वस्थ होऊन वाचले गेले. महारवाडा ही गावातील एक जुनी वस्तीच होती. वाड्याला जितकी पिढीजात परंपरा, तितकीच तिलाही होती. परंतु तिला ऐतिहासिक वस्ती म्हणण्याचे तोपर्यंत कोणास सुचले नव्हते. पवारांनी ती आणि मुंबईचा कावाखाना ह्या दोन ठिकाणांचे जगणे एकाच निवेदनात आणले. विशेष म्हणजे त्यांनाही आपली वस्ती सोडून आल्याचा सल आहे. दगडू मारुती पवार हा दया पवाराला आपली कहाणी सांगतो, अशी ग्रंथाची मांडणीच आहे. म्हणजे सुशिक्षित झालेला आणि मागे राहिलेला असे एकाच माणसाचे दोन भाग समोरासमोर बसविले आहेत. स्मरणरंजनपर लेखात आणि ह्यात अंतर पडते ते येथे. गाव सोडून गेलेला एकटाच बोलत नाही. मागे राहिलेला त्याला जाब विचारावयास हजर आहे.

महेश एलकुंचवार ह्यांचे 'वाडा चिरेबंदी' हे नाटक १९८५ साली रंगभूमीवर आले. विदर्भातील धरणगावच्या देशपांड्यांचे हे घराणे आहे. वडील वारले आहेत. मुंबईचा मुलगा सपत्नीक आला आहे. दाराशी न चालणारा ट्रॅक्टर गंजत उभा आहे. शिकू न दिलेली बहीण आत कोंडली आहे. आणि अखेरीस घरातील मुलगी शिकवणीच्या मास्तराबरोबर घरचे सोने घेऊन जाते. ह्या नाटकाचा मोठेपणा असा की ते वाड्यावर प्रेमही करते आणि त्याला क्षमाही करीत नाही. सोडून गेलेला भाऊ आणि राहिलेला भाऊ ह्या दोघांचेही म्हणणे येथे सारख्याच बळाने ऐकू येते. तथापि एक मर्यादा सांगितली पाहिजे. हा वाडा एका कुटुंबाचा आहे. त्याची पडझड ही त्या कुटुंबाची पडझड आहे. गाव नाटकात आहे, पण उंबऱ्याबाहेर. शेजारी ह्या वाड्याकडे काय म्हणून पाहत होते, ह्या प्रश्नाला नाटकात जागा नाही. नाटककाराने तो प्रश्न घेतला पाहिजे होता असे आम्ही म्हणत नाही. एका कृतीत सर्व यावे ही मागणीच अरसिकपणाची ठरेल. म्हणणे एवढेच की, ह्या नाटकाच्या यशानंतर वाडा म्हणजे खानदानाचा ऱ्हास असे जे समीकरण आपल्या मनात बसले, ते वस्तुस्थितीचा एक भाग आहे.

शेजाराचे चित्र मराठीत अगदीच नाही काय? आहे, पण ते बहुधा विनोदात आहे. पु. ल. देशपांडे ह्यांची 'बटाट्याची चाळ' १९५८ साली निघाली. भिंतीपलीकडचा माणूस हाच तिचा नायक आहे, आणि शेवटच्या चिंतनात हसू ओसरून एका सामुदायिक जगण्याच्या अखेरची चाहूल लागते. गंभीर लेखनात हीच दृष्टि पाहावयाची तर बंगालकडे वळावे लागते. रवींद्रनाथांच्या 'जीवनस्मृती'त जोडासांकोच्या भल्यामोठ्या वाड्यातील एक लहान मुलगा आहे. नोकराने त्याच्याभोवती खडूचे रिंगण आखले आहे आणि सीतेची गोष्ट सांगून ते ओलांडण्याची मनाई केली आहे. त्या रिंगणात बसून खिडकीतून तो खालचे तळे पाहतो. शेजारपाजारची माणसे एकेक करून स्नानाला येतात. प्रत्येकाची पाण्यात शिरण्याची रीत वेगळी, आणि ती सर्व मुलाला पाठ झाली आहे. घराण्याच्या वैभवाचे वर्णन न करता, कोंडलेल्या मुलाच्या नजरेतून रवींद्रनाथांनी त्या वस्तीचा जिवंतपणा उभा केला. स्वतःच्या घराविषयी लिहितानाही दुसऱ्याकडे पाहता येते, हा धडा आपल्या स्मृतिलेखकांनी गिरवण्यासारखा आहे.

आता पाथर्डीकडे परत वळू. येथील एखाद्या गृहस्थाने आपले माळवद उतरवून स्लॅब टाकला तर त्याला अरसिक म्हणण्यापूर्वी त्याच्या जागी उभे राहून पाहावे. तुळया वाळवीने खाल्ल्या आहेत. माळवद घालणारे जुने हात राहिलेले नाहीत. गढीची माती संपली आहे. आणि १९९३ सालच्या ३० सप्टेंबरची पहाट विसरणे कोणासही शक्य नाही. त्या दिवशी किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला आणि लातूर-उस्मानाबाद भागात सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील बहुतेक आपल्याच घराच्या दगडमातीच्या जाड भिंतींखाली आणि वजनदार माळवदाखाली निजलेल्या स्थितीत गाडली गेली. उन्हाळ्यात जो थर गारवा देई, त्यानेच प्राण घेतला. ह्यानंतर मुलाबाळांना माळवदाखाली निजविताना ज्याच्या मनात शंका आली, त्याने स्लॅबचे घर बांधले तर त्यात अपराध कोणता? त्याला त्या घरात उन्हाळ्यात उकडते. जुने घर थंड होते असे तोही म्हणतो. क्वचित जुन्या दाराची चौकट तो नव्या भिंतीत बसवूनही घेतो. प्रेम आणि भीति ह्यांचा असा समझोता करून राहणाऱ्या माणसाचे चित्र आमच्या वाचनात अद्याप आलेले नाही.

दुसरे एक न लिहिलेले घर ह्या तालुक्यात आहे. दिवाळी होते न होते तोच येथील हजारो माणसे ऊसतोडणीसाठी कारखान्यांकडे निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते. नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो. कारखान्याच्या आवारात पाचटाची कोपी घालून सहा महिने काढावयाचे आणि उन्हाळ्यात परतावयाचे. ह्या सहा महिन्यांत गावोगाव आळीतील कित्येक दारांना कुलूप असते. ओट्यावर एखादा म्हातारा आणि शाळेसाठी मागे ठेवलेले नातवंड एवढेच राहते. आपल्या वाङ्मयातील कुलूप बहुधा कायमचे असते. ते लावून माणूस शहरात गेलेला असतो. येथले कुलूप दरसाल उघडते. कोपीत राहणारी बाई आपल्या गळक्या घराची आठवण कशी काढत असेल, परतल्यावर प्रथम काय झाडत असेल, शेजारणीकडे ठेवावयास दिलेली किल्ली मागताना काय बोलत असेल, हे ज्या दिवशी कोणी लिहील, त्या दिवशी घर ह्या शब्दाचा मराठीतील अर्थ थोडा वाढेल.

आणि ज्यांना घरच नाही, त्यांचेही गाव ह्याच तालुक्यात आहे. मढी येथील कानिफनाथांच्या समाधीला फाल्गुनात यात्रा भरते. गाढवांच्या बाजारासाठी ती दूरवर प्रसिद्ध आहे, आणि निरनिराळ्या भटक्या जमाती तेथे जमत असल्यामुळे तिला भटक्यांची पंढरी म्हणतात. वर्षभर पालात राहणाऱ्या माणसांचा पत्ता म्हणजे ही यात्रा. सोयरिकी तेथे जमत; तंटे तेथे तुटत. एक डोंगर आणि त्याखालचे रान ही ज्यांची आळी, त्यांनाही करार आहे आणि शेजारही आहे. जुन्या वस्तीच्या वाङ्मयात त्यांना जागा मिळेपर्यंत ते वाङ्मय पुरे झाले असे मानता येणार नाही.

येथे कोणी म्हणेल की लेखक म्हणजे काही भूमापन अधिकारी नव्हे; त्याने आपल्या मनातील घर लिहावे, गावची मोजणी करू नये. हा आक्षेप आम्हांस मान्य आहे, आणि वरील विवेचनाशी त्याचा विरोधही नाही. हरिभाऊ, रमाबाई, लक्ष्मीबाई, दया पवार ह्यांनी आपल्या मनातीलच घर लिहिले. परंतु त्यांच्या मनाला उंबरा ठेचकाळला होता. कोणाला तो ओलांडू दिला नव्हता, कोणाला त्याच्या आत येऊ दिले नव्हते. ज्याला उंबरा कधी आडवा आला नाही, त्याला तो दिसत नाही. त्याला दिसतो तो प्राजक्त. प्राजक्तही खरा आहे, हे आम्ही नाकारीत नाही. पण तो कोणी झाडला, ह्याचीही आठवण लेखकाने ठेवली पाहिजे.

पाथर्डीसारख्या गावातील ज्या घरांतून आज शिकलेली मुले-मुली आहेत, त्यांच्याकडून ह्या बाबतीत पुष्कळ आशा करावीशी वाटते. त्यांच्यापैकी बहुतेकांचा एक पाय गावात आणि एक शहरात आहे; आजी माळवदाखाली वाढली, आई स्लॅबखाली नांदली, आणि ती स्वतः वसतिगृहात राहून शिकली. सोडून जाणारा आणि मागे राहणारा, दोघेही त्यांच्याच घरात आहेत. त्यांनी वाड्याचे गोडवे गाऊ नयेत आणि त्याला शिव्याही देऊ नयेत. आजी अजून ओट्यावर बसत असेल तोवर तिच्याजवळ बसून, पन्हळीवरून झालेले भांडण कसे मिटले, पाणी कोठून भरीत, वेशीबाहेरचे कोण कोण दारापर्यंत येत आणि कोठे थांबत, एवढे विचारून घ्यावे. सामाईक भिंत एकदा पडली म्हणजे ही माहिती सांगणारे दुसरे कोणी उरत नाही.